टाचेखालचा ठिपका

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद शेवटी. आधी राग काढून घेते, नाहीतर माझं अक्षर तुला लागत नाही.

आज दुकान उघडून झाडू मारते न मारते तोच एक बाई आल्या. अकरा जोड काढायला लावले. मी या गुडघ्यांनी अकरा वेळा खाली बसले, अकरा वेळा उठले. शेवटचा जोड घालून बाई आरशासमोर चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "हा मस्त बसलाय." मी खोकं बांधायला सुतळी घेतली, तर बाईंनी पर्समधून फोन काढला, खोक्यावरच्या बारकोडवर धरला, तळव्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर वाचला, आणि माझ्याच बाकावर, माझ्याच पंख्याखाली बसून तोच जोड ऑनलाइन मागवला. वर मला समजावतात, "तिकडे स्वस्त पडतो हो. दिवस कसे आलेत बघताय ना." जाताना प्यायला पाणी मागितलं. दिलं.

चिठ्ठीवरचा नंबर बघून मागवलाय, तेव्हा जोड घरी आला की कळेल त्यांना. मी कशाला सांगू?

या आठवड्यातली ही तिसरी. काचेच्या कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली, तेव्हापासून रस्त्यावर माणसं आहेत आणि दुकानात कुणी नाही. मंदीचा मला राग नाही गं. मंदी तुझ्या आजोबांनी, तात्यांनीही पाहिली. तेव्हा माणसाजवळ नसलं की तो बाहेरूनच हात हलवून पुढे जायचा, आणि असलं की परत यायचा. ही माणसं आत येतात, माझ्याकडून माप काढून घेतात आणि माल दुसऱ्याकडून घेतात. गरज सरो, वैद्य मरो. इथे तर गरज सरायच्या आधीच वैद्याला मारतायत.

मी दारावर पाटी लावली आहे : "फक्त घालून बघायचं असेल त्यांनी घरचेच बूट घालून बघावेत." समोरचा मोची म्हणाला, "बाई, उरलीसुरली गिऱ्हाइकंही पळतील." म्हटलं, पळू देत. पळायला तरी बूट लागतील.

तू त्याच ऑनलाइन विकणाऱ्या लोकांत काम करतेस. तुझ्यावर राग नाही. आज तरी नाही.

फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कुणीच ऐकत नाही. लिही.

आत्या

---

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पाटी वाचून इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. पण ती काढ बाई. मोची बरोबर बोलतो.

आणि आमच्यावर सगळं ढकलू नकोस. तुला वाटतं आम्ही इथे मजेत आहोत. मी ज्या विभागात आहे तिथे दिवसभर परत आलेले बूट बघायचे असतात. शंभर जोड पाठवले तर चाळीस परत येतात. का, तर लहान झाला, मोठा झाला, चावला. न्यायचा खर्च, आणायचा खर्च, आणि खोकं फाटलेलं. पाय न बघता बूट विकायचा म्हणजे असंच होणार, हे तुझ्या स्टुलाशेजारी बसून वाढलेल्या मला कुणी सांगायला नको. माझंच बघ ना. बाहेर कुठेही पाच नंबर घेतला की चावतो. सहा घेतला तरी चावतो. फक्त तुझ्या दुकानातला पाच बसतो. हल्ली माल कसाही बनवतात, दुसरं काय.

एक मागणं आहे. तुझ्या मापाच्या वह्या. आजोबांपासूनच्या सगळ्या, अकरा आहेत ना? माळ्यावर ओल येते, गेल्या वर्षी दोन वह्यांना बुरशी आली होती. माझ्याकडे पाठव. इथे चांगलं यंत्र आहे, एकेक पान स्वच्छ उतरवून घेते. तुझी साठी येतेय. त्याचं बांधीव पुस्तक करून देईन तुला. नाही म्हणू नकोस.

तुझी भिंगरी

---

२० फेब्रुवारी

भिंगरे,

तीन दिवस नाहीच म्हणत होते. मग माळ्यावर चढले, तर तिसऱ्या वहीला खरंच ओल लागली आहे. म्हणून पाठवते. बुटांच्या मोठ्या खोक्यात बांधल्या आहेत, सुतळी कापू नकोस, सोड.

तू लहानपणी खूप मापं घेतलीस, पण विसरली असशील म्हणून सांगते. या वह्यांतलं प्रत्येक पाऊल उभ्या माणसाचं आहे. बसलेल्या माणसाचं पाऊल काढायचं नाही, हा तात्यांचा नियम. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, तेच खरं माप.

आणि ही पावलं लोकांनी मला दिलेली आहेत, जगाला नाही. मास्तरीणबाईंच्या अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलंय. त्या वर्गात चाळीस वर्षं पदर पायांवर ओढून बसल्या. त्यांचं पाऊल त्यांच्या नवऱ्यानंतर फक्त मी पाहिलंय. माप घेताना त्या मला दार लोटून घ्यायला सांगतात. तेव्हा यंत्रात घालायचं ते घाल, पण कुणाला दाखवत बसू नकोस.

पहिल्या वहीचं पहिलं पान जपून उलट. ते तात्यांचं पाऊल आहे. मी आठ वर्षांची असताना काढलेलं, माझं पहिलं माप.

आत्या

---

२ मार्च

प्रिय आत्या,

वह्या पोचल्या. सुतळी सोडली, कापली नाही. सध्या कामाची फार घाई आहे, सविस्तर नंतर लिहिते. काळजी करू नकोस.

भिंगरी

---

९ मे

तुला नावानं हाक मारायची इच्छा नाही.

दोन महिने पत्र नाही. वाटलं, पोरीला काम असेल. काम होतं खरं. काल कळलं कसलं.

मास्तरीणबाई आल्या होत्या. नातीनं त्यांच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय, ते दाखवायला. "बघ, आता फोनच पायाचं माप घेतो! तुझे गुडघे वाचले." आणि त्यांनी फोन माझ्या नाकाशी धरला. त्यावर लिहिलं होतं, "आरामात बसा आणि पाऊल असं ठेवा." खाली पेन्सिलीनं काढलेलं एक पाऊल. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. टाचेपाशी रेघ तुटलेली.

ती रेघ का तुटली आहे हे या जगात एकट्या मला माहीत आहे. तात्यांना गुदगुल्या झाल्या आणि त्यांनी पाय ओढला. मी रडायला लागले, पान बिघडलं म्हणून. ते म्हणाले, "राहू दे, अशीच राहू दे. माझीच टाच आहे ना."

माझ्या बापाचं पाऊल! लोक त्याच्यावर बोट ठेवून पुढे ढकलतायत! आणि वर "आरामात बसा"! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बसलेल्या माणसाचं माप घेतलं नाही, त्याच्या पावलाशेजारी "आरामात बसा" लिहिताना तुमचे हात झडले कसे नाहीत?

मास्तरीणबाई विचारत होत्या, "तुला काय झालं गं? पांढरी का पडलीस?" त्यांना काय सांगू? की बाई, तुमचं ते दार लोटून दाखवलेलं हाड माझ्या भाचीनं विकलं? आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर माझी मान खाली गेली.

म्हणे बुरशी लागेल. म्हणे साठीचं पुस्तक. अगं, त्या पाणी मागणाऱ्या बाईनं निदान माझ्या तोंडावर केलं जे केलं ते. तू माझ्याच हातानं खोकं बांधून घेतलंस. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

वह्या परत हव्यात. अकराच्या अकरा. बाकी तुझं स्पष्टीकरण तुझ्याजवळ ठेव.

---

१६ मे

आत्या,

स्पष्टीकरण नको म्हणालीस तरी देते. फेकून द्यायचं तर वाचून फेक.

हो, मी खोटं बोलले. पुस्तक करणार होते हे खरं, पण त्यासाठी मागितल्या नव्हत्या. जानेवारीत आमच्याकडच्या तीस जणांना एका सकाळी एक निरोप आला, आणि दुपारपर्यंत त्यांची कार्डं दारावर चालेनाशी झाली. माझ्या शेजारची तिच्या रोपट्याची कुंडी न्यायला परत आली, तर तिला आत सोडलं नाही. मीच ती खाली नेऊन दिली. मग साहेबांनी आम्हा उरलेल्यांना सांगितलं, माल परत येणं कमी करून दाखवा, नाहीतर तुम्हीही. माझ्याकडे दाखवायला काय होतं? तुझ्या वह्या होत्या. साडेचार हजार पावलं आणि प्रत्येकाशेजारी नंबर. असं जगात कुणाकडे नाही आत्या. साहेब खुर्चीतून उठले ते ऐकून. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी खुर्चीतून उठलं.

कुणाचं नाव यंत्रात घातलं नाही, ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आजोबांचं पाऊल चित्र म्हणून घेतलं ते मला न विचारता. मी भांडले. कमी भांडले.

आणि एक सांग. तू तीन पत्रं लिहिलीस या वर्षात. बाई आली, मोची बोलला, तात्या, मास्तरीणबाई. एकदाही विचारलंस, भिंगरे, तुझी नोकरी आहे का? दुकान तुझं आहे. ते बंद पडलं तरी चार भिंती तुझ्या. माझं इथे एक कार्ड आहे, जे दारावर कधी चालायचं थांबेल ते मला माहीत नाही.

आता मलाही एक विचारायचंय. बायकांच्या चपलांपासून सुरुवात केली आम्ही, आणि माल परत येणं कमी व्हायचं सोडून जवळजवळ दुप्पट झालं. सगळ्यांची एकच तक्रार : लहान होतो. यंत्र तुझ्या वह्यांवरून शिकलंय. तिमाही संपायच्या आत दाखवायचं होतं, म्हणून आम्ही नीट तपासलं नाही. तू नंबर मुद्दाम चुकीचे लिहून पाठवलेस का?

भिंगरी

---

२२ मे

चोर तो चोर, वर शिरजोर.

मुद्दाम! अगं, त्यातल्या निम्म्या वह्या तुझ्या जन्माआधीच्या आहेत. तुझ्या कंपनीला बुडवायला मी तीस वर्षं आधीपासून बसले होते काय?

तुझं पत्र वाचून आधी इतकी संतापले, की मोचीला वाटलं दुकानात चोर शिरलाय. मग "सगळ्यांना लहान होतो" हे परत वाचलं आणि जे हसायला लागले ते थांबेना. मोचीला आता वाटतं मला वेड लागलंय.

टाचेखालचे ठिपके कुठे गेले, भिंगरे?

नीट ऐक. बाई दुकानात येते आणि सांगते, "मला पाच लागतो." पाऊल असतं सहाचं. "सहा लागेल" म्हटलं की तिचा चेहरा पडतो, आणि ती पाचातच पाय कोंबून नेते, महिनाभर लंगडते आणि दुकानाला शिव्या देते. म्हणून तात्या आत जायचे, सहाच्या जोडावरचा नंबर झाकून वर पाचाची चिठ्ठी चिकटवायचे. बाई खूश, पाय खूश. वहीत तिच्यासमोर पाच लिहायचं, आणि ती उठून गेली की टाचेखाली एक ठिपका द्यायचा. एक ठिपका म्हणजे एक नंबर वाढवून वाचायचा. दोन ठिपके म्हणजे दोन. पन्नास वर्षं या गावातल्या बायका माझ्या दुकानात लहान पायांच्या आहेत.

तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. एक वाक्य लागलं असतं. पण विचारायचं म्हणजे खरं बोलावं लागलं असतं ना, की वह्या कशाला हव्यात.

तुझी नोकरी आहे का, हे विचारलं नाही. ते माझं चुकलं. आता विचारते : आहे का? पण ते माझं चुकलं म्हणून तुझं बरोबर होत नाही.

वह्या पाठव.

आत्या

---

१२ जून

आत्या,

नाही. नोकरी नाही. पाच तारखेला विभाग बंद केला.

यंत्रातल्या चित्रांवरून ठिपके मीच पुसायला लावले. यंत्रात पानं घालणाऱ्या पोरींनी विचारलं, हे डाग कसले? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पेन्सिल टेकवायची जागा असते ती, मला माहीत आहे, मी त्या दुकानात वाढलेय. मी सात वर्षांची असताना तूच मला तसं सांगितलं होतंस. का? मी गिऱ्हाइकांसमोर बडबडेन म्हणून ना? मग मी मोठी झाल्यावर का नाही सांगितलंस?

तुझं पत्र आल्यावर मी माझं पान शोधलं. नववी वही. पाच, आणि टाचेखाली दोन ठिपके. आत्या, मी दहा वर्षं चावणाऱ्या चपला घालून फिरतेय. टाचांना पट्ट्या लावून मुलाखतींना गेले. जगभराच्या मालाला नावं ठेवली. पाय माझा, आणि त्याचा नंबर मलाच माहीत नाही. तेव्हा विश्वासघाताचं मला एकटीला सांगू नकोस.

दहा वह्या पाठवल्या आहेत. परत आलेल्या बुटांच्या खोक्यांत घालून बाहेर काढल्या. दारावरच्यानं विचारलं, यात काय? म्हटलं, न बसलेले बूट.

अकरावी नाही. म्हणजे पहिली. ती त्यांनी दर्शनी काचेच्या कपाटात शोभेला ठेवली होती. विभाग बंद झाला तेव्हा ते कपाट आतल्या सामानासकट भंगारात गेलं. मी भंगारवाल्याकडे दोन दिवस जाऊन बसले. त्यातला कागद आदल्याच दिवशी लगद्याला गेला होता. तरी मी त्याला विचारलं, पेन्सिलीनं काढलेलं एक पाऊल पाहिलंत का? तो म्हणाला, बाई, कागद आम्ही वाचत नाही, वजन करतो.

माफी मागायची हिंमत नाही, म्हणून मागत नाही.

भिंगरी

---

२५ जून

दहा वह्या मिळाल्या.

तात्यांच्या पानाबद्दल आज लिहीत नाही. लिहिलं तर जे लिहीन ते परत घेता येणार नाही.

मी घरोघरी गेले. ज्यांची पावलं वह्यांत आहेत आणि जे अजून या गावात आहेत, त्यांच्याकडे. दुपारी दुकान बंद ठेवून, रोज पाच-सहा घरं. दारात उभी राहून सांगितलं, तुमचं पाऊल माझ्याकडून बाहेर गेलं, चूक माझ्या घरातली आहे. काचेच्या कारखान्याचा फोरमन हसला. म्हणाला, "माझं पाऊल नेऊन कुणाची नोकरी टिकली असती तर बरंच झालं असतं, माझी तर गेली." एकीनं दार लावून घेतलं. मास्तरीणबाईंनी एकच विचारलं, "माझं हाड दिसतं का त्या फोनवर?" नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं." आता त्या दुकानावरून जातात तेव्हा रस्त्याच्या पलीकडून जातात. रोज बघते.

तुला ठिपक्याचं सांगायला हवं होतं. पंधरा वर्षांची झालीस आणि पाय मोठे म्हणून रडायला लागलीस, तेव्हा मी पाचाची चिठ्ठी चिकटवली. मग सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मीच टाळलं. तू हसत होतीस, ते मी बघत होते.

राग गेलेला नाही. पण सोबत एक कोरा कागद आणि पेन्सिल पाठवते आहे. काय करायचं ते तुला सांगायला नको.

आत्या

---

१ जुलै

आत्या,

सोबत कागद. उभी राहून काढलंय. वाकून स्वतःचंच काढायचं म्हणजे रेघ दोन ठिकाणी तुटली आहे. नंबर लिहिलेला नाही.

भिंगरी

---

६ जुलै

भिंगरे,

पाऊल मिळालं. सात. ठिपका दिलेला नाही.

नवी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर हा कागद चिकटवलाय. मान म्हणून नव्हे. रोज वही उघडली की दिसावं म्हणून, की वही कुणालाही द्यायची नाही, अगदी रक्ताच्या माणसानं मागितली तरी.

चिठ्ठ्या सगळ्या खरवडून काढल्या. आता बाईला सहा लागत असेल तर सहा सांगते. दोघी रागावून गेल्या. एक दुसऱ्या दिवशी परत आली आणि सहा घेऊन गेली.

माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, आणि माप घ्यायला कुणीतरी खाली बसावं लागतं. सोमवारी ये. आल्यावर पहिल्यांदा मास्तरीणबाईंच्या दारात जायचं. एकटीनं. मी येणार नाही. त्यांनी आत घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर मंगळवारी परत जायचं.

येताना त्या चावणाऱ्या चपला घालून येऊ नकोस. साताचा जोड काढून ठेवलाय.

आत्या